निर्देशांक ‘समाधानकारक’ आहे, मग वडिलांना धाप का लागते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर कळेल. वडील ६४ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या भागात ३१ वर्षं यंत्रमागावर होते, चार वर्षांपूर्वी काम सोडलं. विडी-सिगारेट कधीच नाही. गेले दोन हिवाळे सकाळी खोकला आणि कफ, आणि आता पहिला मजला चढला की धाप. सहा वर्षांच्या मुलीला दर महिना-दीड महिन्याने खोकला होतो, तोही रात्री जास्त. आई घरी विड्या वळतात. मोबाईलवर शहराच्या हवेचा निर्देशांक ८०-९० च्या आसपास, म्हणजे ‘समाधानकारक’ दिसतो. तर मग हा त्रास प्रदूषणाचा आहे की नाही, एअर प्युरिफायर घ्यावा का, आणि वडिलांना पंढरपूरच्या बाजूला गावी पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय.

सोलापुरात छातीचे आजार बघत मला २२ वर्षं झाली. अशी घरं मी रोज बघतो, म्हणून स्पष्टच सांगतो. तुम्ही शहराच्या हवेबद्दल विचारताय, पण बघायला हवं ते वडिलांच्या नाकासमोरच्या हवेकडे. शहराचा आकडा ही सरासरी असते, तीही यंत्र बसवलंय त्या जागेची. वडील आयुष्यभर त्या जागेवर उभे नव्हते. ते कारखान्यात होते, घरात होते, रस्त्यावर होते. तिथली धूळ कोणत्याही ॲपमध्ये येत नाही.

आधी त्या आकड्याबद्दल, कारण त्याने फार लोकांची दिशाभूल होते. आपल्याकडचा निर्देशांक ५१ ते १०० मध्ये असला की त्याला ‘समाधानकारक’ म्हणतात. त्यात अनेक प्रदूषकं मोजतात आणि ज्याचा आकडा सगळ्यात वाईट, तोच निर्देशांक म्हणून दाखवतात. समजा तुमचा ९० हा आकडा पीएम २.५ या बारीक कणांमुळे आला असेल, तर हवेत दर घनमीटरला साधारण ५४ मायक्रोग्रॅम कण आहेत. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा ६० आहे, म्हणून ते समाधानकारक ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. म्हणजे एका मापाने ‘ठीक’ असलेली हवा दुसऱ्या मापाने साडेतीन पट जास्त धुळीची आहे. अजून एक घोळ असतो. काही ॲप अमेरिकेचं कोष्टक वापरतात, त्यात हीच हवा १४५ च्या वर दिसते. शेजाऱ्याच्या मोबाईलवर वेगळा आकडा दिसला म्हणून कोणी खोटं बोलतंय असं नाही, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ॲप बघायचंच असेल तर त्या दिवशी कोणत्या कणामुळे आकडा चढलाय, पीएम १० की पीएम २.५, एवढं बघत जा.

हा फरक सोलापुरात महत्त्वाचा आहे. आपला भाग कमी पावसाचा, माती भुसभुशीत, उन्हाळा ४२-४३ अंशांचा. मार्च-एप्रिलमध्ये वावटळ उठते, रस्त्याच्या कडेची माती ट्रकच्या चाकाखाली दळली जाऊन हवेत राहते. यात जाड कण जास्त, म्हणजे पीएम १०. २०१९ च्या जानेवारीत केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानकं वर्षानुवर्षं न गाठलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत सोलापूरही आहे. हिवाळ्यात चित्र वेगळं असतं. रात्री जमीन गार पडते, गार हवा खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण तयार होतं आणि गाड्यांचा, बंबांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. पहाटे हिप्परग्याकडून शहरात येताना तो करडा पट्टा डोळ्यांनी दिसतो. हे जळण्यातून आलेले बारीक कण, आणि माझ्या दवाखान्यातली गर्दी वाढते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच.

बारीक आणि जाड यात एवढं काय आहे? माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनच्या आसपासचा कण नाकात, घशात किंवा वरच्या श्वासनळ्यांत अडकतो. शिंक, खोकला, कफ यांतून बराचसा बाहेर पडतो. अडीच मायक्रॉनच्या खालचा कण फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत, म्हणजे जिथे हवेतून रक्तात प्राणवायू जातो तिथपर्यंत पोचतो. तिथे त्याला खोकून बाहेर काढायची सोय नाही. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला धावतात, आणि रोजच्या रोज हेच चाललं तर ती जागा कायमची सुजलेली राहते. त्याहून बारीक कण थेट रक्तात उतरतात. सूज मग फुफ्फुसापुरती राहत नाही. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, रक्त गोठण्याकडे झुकतं. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे २०१९ साली जगात ४२ लाख लोक अकाली गेले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश मृत्यू हृदयविकार आणि पक्षाघाताचे आहेत. हे मी मुद्दाम सांगतोय. धाप म्हणजे फुफ्फुसच असं धरून लोक माझ्याकडे येतात आणि कधी कधी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. वडिलांची धाप तपासताना ईसीजी आणि गरज पडली तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होऊ द्या.

आता वडिलांचा हिशोब मांडू. निवांत बसलेला माणूस दिवसाला साधारण दहा-बारा हजार लिटर हवा आत घेतो, अंगमेहनतीत त्याहून बरीच जास्त. ३१ वर्षं रोजच्या पाळीत त्यांनी कोणती हवा घेतली? जुन्या कारखान्यात मी गेलोय. पत्र्याखाली कोळिष्टकांवर कापसाचे तंतू बसून त्यांच्या करड्या दोऱ्या लोंबत असतात. खिडक्या बंद, कारण वाऱ्याने सूत तुटतं. पाळी संपताना हवेच्या पाईपने माग झाडतात आणि बसलेली सगळी धूळ, कापूस आणि खळ, पुन्हा एकदा श्वासाच्या उंचीवर येते. झाडणाऱ्याच्या भुवया पांढऱ्या होतात. ती धूळ उडवण्याऐवजी ओढून घेणारं यंत्र, निदान ओल्या फडक्याने पुसणं, एवढं केलं तरी फरक पडतो. सध्या कामावर असलेल्या तुमच्या ओळखीच्या लोकांना हे नक्की सांगा.

कापसाच्या धुळीचा एक वेगळा आजारच आहे, बिसिनोसिस. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर परतलं की त्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, नंतरच्या दिवसांत सवय झाल्यासारखी कमी होते. कापूस पिंजणं आणि सूत काढणं या कामांत तो जास्त, मागावर कमी. वडिलांना हे विचारून बघा, ‘सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जास्त व्हायचं का?’ माझ्या अनुभवात हा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो, आणि विचारला की माणूस चटकन मान हलवतो.

गुळाबद्दलही तुम्ही लिहिलंय. कारखान्यात गूळ द्यायचे, ‘धूळ निघून जाते’ म्हणून. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात. घशाला बरं वाटत असेल, पण फुफ्फुस त्याने साफ होत नाही. वडिलांना मधुमेह असेल तर ही सवय आता थांबवा.

मग सांगा, विडी न ओढणाऱ्या या माणसाला काय झालं असेल? मला पहिली शंका सीओपीडीची, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याची. हा फक्त विडी ओढणाऱ्यांचा आजार नाही. कामाच्या जागची धूळ आणि घरातला धूर यांनीही तो होतो. दुसरी शंका उशिरा धरलेला दमा. तिसरी, जी सोलापुरात कधीच विसरू नये, ती क्षयरोगाची: आताचा, किंवा पूर्वी होऊन गेलेला आणि मागे व्रण सोडलेला. हे तीनही आजार बाहेरून एकसारखे दिसतात, औषधं मात्र वेगळी. म्हणून ‘प्रदूषणामुळे होतंय’ एवढ्यावर समाधान मानून थांबणं मला धोक्याचं वाटतं. प्रदूषण हे कारण असेल, पण ते निदान नाही. मी बघितलेलं सगळ्यात मोठं नुकसान धुळीने केलेलं नसतं, धुळीवर सगळं ढकलून तपासणीला तीन वर्षं उशीर केल्याने झालेलं असतं.

तपासणी सोपी आहे. छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी (दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर ती सरकारी दवाखान्यात मोफत होते), आणि फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री. तीत पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते बघतात. पंपाचं औषध दिल्यानंतरही हे प्रमाण एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी राहिलं तर नळ्या अरुंद आहेत. औषधाने आकडा चांगला सुधारला तर दम्याकडे कल. वडिलांना आधी सांगून ठेवा की पूर्ण जोर लावून, सहा सेकंद फुंकत राहायचंय. अर्धवट फुंकलं तर तपासणीच वाया जाते. तेलुगू किंवा कन्नड बोलणारे ज्येष्ठ असतील तर घरच्या कोणीतरी सोबत जा. मी स्वतः ‘धाप लागते का?’ असं विचारून ‘नाही’ ऐकलंय, आणि ‘आयासम’ किंवा ‘उब्बस’ म्हटल्यावर तोच माणूस पाच मिनिटं बोललाय.

घरातल्या हवेबद्दल मला माझी एक चूक सांगायचीय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, खोकला आणि धाप. ‘स्वयंपाक कशावर?’ म्हटलं, तर ‘गॅसवर’. मी चुलीचा विषय तिथेच मिटवला आणि सहा महिने औषधं बदलत राहिलो. एक दिवस सून सोबत आली. ती म्हणाली, ‘ओ डॉक्टर, गॅस हाय की, पण पाण्याचा बंब मामीच पेटवतात रोज, चिंध्या आन् खोकी घालून.’ पहाटे पाच वाजता, बंद मोरीत, अर्धा तास. बंब मोरीतून अंगणात आणला, पेटवायचं काम मुलाने घेतलं, आणि त्याच औषधाने त्यांना गुण यायला लागला. तेव्हापासून मी ‘कशावर शिजवता’ असं विचारत नाही, ‘घरात दिवसभरात काय काय जळतं’ असं विचारतो. तुम्हीही घरात एक दिवस तसं बघा: बंब, डासांची कॉईल, धूप, उदबत्ती, दारासमोर जाळलेला कचरा. एका कॉईलमधून बाहेर पडणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे असतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. मुलगी त्याच खोलीत झोपत असेल, तर रात्रीच्या खोकल्याचं निदान अर्धं तिथेच होतं. मच्छरदाणी लावा. देवापुढची उदबत्ती बंद करा असं मी म्हणणार नाही. एकच लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि मुलगी खोलीत नसताना.

आईंच्या विड्यांचाही इथेच विचार करा. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी कापलेली पानं, आणि हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत तासन्‌तास त्यावर झुकलेला चेहरा. तंबाखूची ती भुकटी आईंच्या नाकात जाते आणि शेजारी अभ्यासाला बसलेल्या नातीच्याही. काम सोडा असं सांगायचा मला अधिकार नाही, त्यावर घर चालतं. पण जागा बदलता येते: दाराशी किंवा ओट्यावर बसायचं, वारा पाठीकडून समोर जाईल असं. तंबाखू चाळायचं आणि झटकायचं काम बाहेर, तोंडाला मास्क लावून. त्या जागेवर नंतर केरसुणी नाही, ओलं फडकं. मुलीची जागा दुसऱ्या खोलीत. खोली एकच असेल तर निदान खिडकीजवळ.

मुलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला वडिलांइतकीच तिची काळजी वाटते. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा घेतं, आणि तिची फुफ्फुसं अजून वाढताहेत. धुळीच्या हवेत वाढलेल्या मुलांच्या फुफ्फुसांची वाढ थोडी कमी राहते, आणि हवा सुधारली की वाढही सुधारते, असं कॅलिफोर्नियात मुलांना वर्षानुवर्षं तपासून दिसलंय. रात्रीचा, वारंवार होणारा, पळाल्यावर किंवा हसल्यावर वाढणारा खोकला म्हणजे बाळदमा असू शकतो. तो असेल तर पंपाला घाबरू नका. ‘पंपाची सवय लागते’ हे मी रोज ऐकतो. पंपातून जाणारं औषध थोडं असतं आणि थेट नळ्यांत जातं. दर महिन्याला खोकल्याचं सिरप आणि अँटिबायोटिक घेण्यापेक्षा ते जास्त सुरक्षित आहे. लहान मुलीला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची नळी, लावून द्यायचं आणि नंतर चूळ भरायला लावायची. पण निदान झाल्याशिवाय, कुणाचा तरी उरलेला पंप देऊ नका.

इथपर्यंतचं थोडक्यात: ॲपवरचा आकडा तुमच्या घराबद्दल फार कमी सांगतो, वडिलांच्या धापेमागे बहुधा ३१ वर्षांची कारखान्यातली धूळ आहे, पण निदान तपासणीनेच होईल, आणि घरातला धूर व भुकटी हा असा भाग आहे जो तुम्ही याच आठवड्यात कमी करू शकता.

आता प्युरिफायर. चांगल्या गाळणीचं यंत्र बंद खोलीतले बारीक कण खरंच कमी करतं. अडचण ‘बंद खोली’ या शब्दात आहे. सोलापुरात मार्च ते जून दार-खिडकी बंद ठेवून कोण राहणार? कूलर तर बाहेरचीच हवा ओढून आत आणतो. त्याच्या ओल्या वाळ्यात जाड धूळ अडकते, बारीक नाही. हिवाळ्यात रात्री, वडील किंवा मुलगी झोपते त्या एका खोलीत, खोलीच्या आकाराला पुरेल असं यंत्र रात्रभर चाललं तर उपयोग होईल. पण त्याला वरचेवर गाळणी बदलायचा खर्च आहे. बजेट बेताचं असेल तर माझा क्रम असा: आधी तपासणी आणि औषधं, मग बंब आणि कॉईल घालवणं, मग वडिलांना फ्लू आणि न्यूमोनियाची लस, आणि एवढं करून पैसे उरले तर यंत्र. माझ्याकडे उलट्या क्रमाने आलेली घरं आहेत. यंत्र चालू, आणि बाहेरच्या मोरीत बंब पेटलेला.

मास्क घ्यायचा तर एन-९५, नाकावर घट्ट बसणारा. रुमाल किंवा स्कार्फ माती अडवतो, बारीक कण अडवत नाही. पण ज्याला आधीच धाप आहे त्याला घट्ट मास्क लावून चालवत नाही, म्हणून वडिलांसाठी मी वेळ आणि रस्ता बदलायचा सल्ला देतो. हिवाळ्यात पहाटे पाचला फिरायला नको. ऊन पडल्यावर, साडेआठच्या पुढे ते झाकण विरायला लागतं. आणि हमरस्त्याच्या कडेने नको. मुख्य रस्त्यापासून शे-दोनशे मीटर आत गेलं की गाड्यांच्या धुराचे अतिबारीक कण बरेच कमी होतात. स्मृतीवनासारखी झाडांची जागा जवळ असेल तर उत्तम, नसेल तर आतली गल्ली. चालणं मात्र बंद करू नका. धाप लागते म्हणून माणूस बसून राहिला की पायांचे स्नायू जातात आणि मग कमी श्रमातही धाप लागते. हे चक्र मी फार जणांचं बघितलंय.

गावाचं काय? ते गावावर आणि घरावर अवलंबून आहे. पंढरपूरच्या बाजूला म्हणताय, तर विचारून घ्या की ऊस किती जवळ आहे. ऊसतोडणीनंतर शेतात पाचट पेटवतात, कारखाने सुरू असले की वाऱ्याच्या बाजूला काजळी पडते, ज्वारीच्या मळणीची धूळ वेगळीच, आणि घरात चूल असेल तर तिच्याजवळ बसणं शहराच्या रस्त्यापेक्षा वाईट. हंगाम नेमका हिवाळ्याचा, म्हणजे वडिलांच्या त्रासाचाच. मळ्यापासून लांब, गॅसवर स्वयंपाक असलेलं मोकळं घर असेल, तर एक महिना पाठवून बघा. पण तपासणी करून, औषध सुरू करून पाठवा, आणि तिथून रात्री दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो ते आधी बघून ठेवा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत लिहा: खोकला किती वाजता, कफाचा रंग, किती पायऱ्यांवर धाप, त्या दिवशी घरात काय जळलं, वडील कुठे गेले होते. मुलीचं वेगळ्या पानावर. अशी वही घेऊन आलेल्या पेशंटचं निदान मला पहिल्याच भेटीत बरंच पुढे नेता येतं.

काही लक्षणांत मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. थुंकीत रक्त, घटणारं वजन, रोज संध्याकाळी ताप असं काही असेल तर याच आठवड्यात जा. बसल्या जागी धाप, एक वाक्य पुरं बोलता न येणं, ओठ निळसर दिसणं, छातीत दाब, किंवा मुलीच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी रिक्षा बोलवा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.